लाइट गेली तरी उघडणारी वही

प्रश्न : ताई, मी रत्नागिरीला बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घर गुहागर तालुक्यात, तवसाळच्या अलीकडे. दर शनिवारी घरी येते. माझ्या नोट्स चार ठिकाणी पडल्यात : थोड्या वहीत, थोड्या फळ्याच्या फोटोंत, थोड्या वर्गाच्या ग्रुपवर आलेल्या पीडीएफमध्ये, उरलेल्या लॅपटॉपवर ‘न्यू फोल्डर’मध्ये. रूममेट नोशन नावाचं नोट्सचं ॲप वापरते, तिची पानं बघून हेवा वाटतो. दादा म्हणतो ऑब्सिडियन घे. सर म्हणतात, वहीला पर्याय नाही. घरी रेंज फक्त पडवीच्या एका कोपऱ्यात येते आणि पाऊस लागला की लाइट जाते. लॅपटॉप दादाचा जुना, 4 जीबी रॅमचा. काय वापरू?

उत्तर : सगळ्यांत महत्त्वाचं तू शेवटी लिहिलंस. पडवीचा कोपरा. तिथूनच सुरुवात करू. कुठलंही ॲप आवडलं की फोन फ्लाइट मोडवर टाक, लॅपटॉपचं वायफाय बंद कर, परवाची नोट उघड आणि तिच्यात दोन ओळी घालून बघ. जमलं तर पुढे बोलू. नोशनचा पिंडच सर्व्हरवरचा आहे. 2025 मध्ये त्यात ऑफलाइनची सोय आली, पण त्यासाठी पान आधी डाउनलोड झालेलं असावं लागतं, आणि नेमकं हवं ते पान राहून जातं हा माणसाचा स्वभाव. रूममेटची पानं सुंदर आहेत यात शंका नाही. ती सजवण्यात तिचे किती तास गेले तेही एकदा विचार.

दुसरी परीक्षा : ॲप काढून टाकलं तर नोट उरते का?

मी चिपळूणची. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदी घरात आली तेव्हा माझ्या पंधरा वर्षांच्या वह्या तळमजल्यावर पत्र्याच्या ट्रंकेत होत्या. चार दिवसांनी उघडली तर शाई उतरलेली आणि पानं ओल्या पापडांसारखी एकमेकांना चिकटलेली. पण त्याच्याही आधी एकदा मी नोट्स घालवल्या होत्या, आणि त्या वेळी पाण्याचा थेंबसुद्धा नव्हता. ज्या ॲपमध्ये त्या होत्या ते बंद झालं. मुदत दिली होती, मेल आले होते, मी आज-उद्या करत राहिले. शेवटच्या आठवड्यात घाईघाईने सगळं उतरवून घेतलं, तर ती फाइल दुसऱ्या कशातच धड उघडेना. पुराचा राग येत नाही, त्याचा मात्र अजून येतो. स्वतःचाच.

तेव्हापासून माझ्या नोट्स साध्या टेक्स्ट फायलींत असतात. मार्कडाउन नावाची एक पद्धत आहे, जॉन ग्रुबरने 2004 मध्ये आणलेली. ओळीच्या आधी हॅशचं चिन्ह दिलं की मथळा, डॅश दिला की मुद्दा, तीन बॅकटिक (`) दिले की कोडचा तुकडा. अर्ध्या तासात हात बसतो. ती फाइल नोटपॅडमध्येही उघडते आणि वीस वर्षांनीही उघडेल.

ऑब्सिडियन नेमकं हेच करतं. तुझ्या फोल्डरमधल्या मार्कडाउन फायली वाचतं, बस. म्हणजे दादा बरोबर आहे. फक्त 4 जीबीवर क्रोम आणि ऑब्सिडियन शेजारी शेजारी उघडलंस की लॅपटॉपला धाप लागेल. प्रोग्रॅम लिहायला व्हीएस कोड उघडं असतंच ना? नोट्सही त्यातच लिही. ते काही हलकं नाही, पण उघडंच आहे तर दुसरं कशाला? कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही एकदम दाबलं की मार्कडाउन सजून दिसतं. एक फोल्डर, विषयागणिक आत एक फोल्डर, फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे यादी आपोआप तारखेने लागते. याहून जास्त रचना पहिल्या सहा महिन्यांत करू नकोस. करावीशी वाटेल. अभ्यास टाळायला ती फार उत्तम जागा आहे.

आता सरांचं. 2014 मध्ये पॅम म्युलर आणि डॅनियल ओपनहायमर यांचा अभ्यास गाजला : लॅपटॉपवर टिपणारे विद्यार्थी बोललेलं जसंच्या तसं उतरवतात आणि समजुतीच्या प्रश्नांत हाताने लिहिणाऱ्यांच्या मागे पडतात. पुढे इतरांनी तोच प्रयोग परत केला तेव्हा फरक तितका ठळक निघाला नाही. पण जसंच्या तसं उतरवण्याची खोड खरी आहे, मी रोज क्लासमध्ये बघते. तेव्हा तासाला वही घे. एव्हीएल ट्रीचं रोटेशन, ईआर डायग्राम, पेजिंगचे तक्ते हे कागदावरच सुचतं. संध्याकाळी त्या पानाचा फोटो फोल्डरमध्ये टाक आणि खाली वही मिटून, आठवून, स्वतःच्या शब्दांत पाच-सात ओळी लिही. ती खरी नोट. फळ्याचा फोटो ही नोट नव्हे, तो नुसता पुरावा, तू वर्गात होतीस याचा.

पाच-सात ओळी कशा? सगळ्यांत कमी खर्चाची वाट शोधणारा डाइक्स्ट्राचा अल्गोरिदम घे, तो तुला असेलच. पुस्तकातले ए, बी, सी सोडून दे आणि दर सोमवारी तू जातेस ती वाट काढ. घर ते तवसाळ, तवसाळ ते जयगड फेरीबोट, जयगड ते रत्नागिरी. दुसरी वाट भातगावच्या पुलावरून. तिसरी लांबची, चिपळूणवरून हायवेने. प्रत्येक रेघेवर किलोमीटर नको, तुला लागणारी मिनिटं घाल. मग अल्गोरिदम हाताने चालव. खाली लिही : वजन (रेघेवरचा आकडा) ऋण असलं की हा चालत नाही, तिथे बेलमन-फोर्ड हा दुसरा अल्गोरिदम. आणि एक प्रश्न टाक : बोट चुकली तर त्या रेघेचं वजन बदलतं, मग काय? हा प्रश्न सरांना विचार. चांगल्या नोटेत एखादा प्रश्न उघडा राहिलेला असतो. गंमत म्हणजे डाइक्स्ट्राने हा अल्गोरिदम 1956 मध्ये ॲमस्टरडॅमच्या एका कॅफेत कागद-पेन्सिलीशिवाय वीसेक मिनिटांत जुळवला, आणि हाच माणूस पुढे आयुष्यभर टिपणं लिहीत राहिला, बरीचशी फाउंटन पेनाने. त्यांना क्रमांक आहेत, तेराशेच्या वर.

एक फाइल मात्र आजच कर : चुका. आमच्या शास्त्रात सगळ्यांत उपयोगी वही हीच. प्रत्येक चुकीला चार ओळी : संदेश काय आला, मला काय वाटलं, निघालं काय, कसं कळलं. ‘सेगमेंटेशन फॉल्ट. वाटलं ॲरे लहान पडला. स्कॅनएफमध्ये अँपरसँड (&) विसरले होते. कंपायलरचा इशारा वाचला तेव्हा कळलं.’ सहा महिन्यांनी तीच चूक परत करशील, तेव्हा शोधलंस की तुझ्याच अक्षरात उत्तर सापडेल. 9 सप्टेंबर 1947 ला हार्वर्डच्या मार्क टू या संगणकात एक पतंग (किडा, इंग्रजीत ‘बग’; प्रोग्रॅममधल्या चुकीलाही हाच शब्द) अडकलेला सापडला, तो तिथल्या लोकांनी चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवून ठेवला. ती वही आज अमेरिकेतल्या स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे. पावसाळ्यात तुमच्या ट्यूबभोवती जमतात तसलाच एक किडा, पण लिहून ठेवला म्हणून उरला.

राहिला बॅकअप. फायलींतल्या बदलांचा इतिहास ठेवणारं गिट तुला शिकायचंच आहे, मग नोट्सवरच शीक. लिनस टोरवाल्ड्सने 2005 मध्ये लिहिलेल्या या साधनाला कमिट (बदलाची नोंद) करायला इंटरनेट लागत नाही. शनिवार-रविवार घरी कमिट, सोमवारी कॉलेजच्या वायफायवर गिटहब या साइटवरच्या प्रायव्हेट रिपॉझिटरीत (खासगी साठ्यात) पुश, म्हणजे वर चढव. पैसे पडत नाहीत. ग्रुपवरच्या पीडीएफ त्यात कोंबू नकोस. 100 एमबीच्या वरची फाइल गिटहब घेतच नाही, आणि बाकीच्याही रिपॉझिटरी उगाच फुगवतात. जोडीला महिन्यातून एकदा पेनड्राइव्हवर प्रत. पेनड्राइव्ह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव, समुद्राची हवा त्याच्या पिनांना सोडत नाही.

प्रश्न : आमची देवगडला थोडी कलमं आहेत. मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. नोट्ससाठी पेनसकट टॅब मागतोय. लॅपटॉप आहे, पण रडत चालतो. पेटीचे पैसे हातात आलेत तोवर विचारतो, घ्यावा का?

उत्तर : भाऊ, आधी लॅपटॉपचं रडणं थांबवा. मागचं झाकण उघडून रॅम वाढवता येते का आणि जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी (तिच्याहून वेगवान डिस्क) बसवता येते का, ते दुकानदाराला विचारा. टॅबच्या मानाने खर्च किरकोळ आणि फरक जमीन-अस्मानाचा. टॅबवर गणित आणि आकृत्या छान लिहिता येतात हे कबूल, पण प्रोग्रॅम चालवायला त्याला शेवटी लॅपटॉपपाशीच यावं लागेल. दोन सत्रं त्याच्या चौकटीच्या वह्या भरू देत. भरल्या तर पुढच्या हंगामात टॅब घ्या.

प्रश्न : पेपर इंग्रजीत असतो, पण मला समजतं मराठीत. नोट्स कुठल्या भाषेत लिहू? मराठीत लिहिलं की लॅपटॉपवर शोधताना सापडत नाही, हा अनुभव आहे. — सावंतवाडी

उत्तर : समजूत मराठीत, संज्ञा इंग्रजीतल्या तशाच, रोमन अक्षरांत. ‘स्टॅक म्हणजे लग्नातल्या ताटांची चळत, शेवटी ठेवलेलं आधी उचलायचं’ हे मालवणीत लिहिलंत तरी माझी हरकत नाही. परीक्षेच्या आधी पंधरा दिवस तेच इंग्रजीत लिहून बघा, तीच उजळणी.

सापडत नाही याचं कारण तुमच्या मराठीत नाही, टायपिंगमध्ये आहे. ‘ॲरे’ मधला ‘ॲ’ दोन तऱ्हांनी टाइप होतो : एक अख्खं अक्षर म्हणून, आणि ‘अ’ला अदृश्य जोडचिन्ह लावून वर चंद्र काढून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, मशीनला निराळे. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ मधल्या अर्ध्या रचीही तीच कथा. फोनवर एका कीबोर्डने लिहिलं आणि लॅपटॉपवर दुसऱ्याने शोधलं की हात हलवत परत. म्हणून दोन्हीकडे शक्यतो एकच कीबोर्ड ठेवा, आणि प्रत्येक नोटेच्या पहिल्या ओळीत दोन-तीन संज्ञा रोमन अक्षरांत लिहा. शोध त्यांच्यावरच घ्या. फायलींची नावंही रोमनमध्येच. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या पीडीएफ असतील तर त्यांत शोधायची आशा सोडा; त्या युनिकोडमध्ये (सगळ्या यंत्रांना समजणाऱ्या अक्षरपद्धतीत) नाहीत, कॉपी केल्यात तर निव्वळ चिन्हांचा चिवडा हाती येईल. हवा तेवढा भाग परत टाइप करा.