वाचक विचारतात: कोर्स करू की लॅपटॉप घेऊ?

प्रश्न: ताई, मी तासगावचा, वय 21. गावच्या बेंजो पार्टीत चार वर्षं बेंजो वाजवतो. आता स्वतःची गाणी करायची आहेत: चाल, वाद्यं, रेकॉर्डिंग, मिक्सिंग सगळं. पुण्यातल्या एका कोर्सची फी दीड लाख आहे. घरचे म्हणतात, द्राक्षाचे पैसे आले की बघू. तोवर व्हिडिओ बघून शिकतोय, पण सहा महिन्यांत एकही गाणं पुरं झालेलं नाही. कोर्स करू, की त्या पैशात लॅपटॉप आणि माइक घेऊ?

उत्तर: तुझं शेवटून दुसरं वाक्य मी पुन्हा वाचलं. अडलंय ते तिथं. बागेचे पैसे आत्ता कशातच घालू नकोस.

सांगलीत मी सतरा वर्षं भजनी मंडळं आणि शाळांची समूहगीतं रेकॉर्ड करते आहे. पहिल्या कमाईतून महागडा कंडेन्सर माइक घेतला आणि विश्रामबागेतल्या रिकाम्या, फरशीच्या खोलीत लावला. गाणाऱ्या काकूंच्या आवाजाबरोबर शेजारचा कुकर आला, खालची रिक्षा आली आणि भिंतींवरून परतलेला काकूंचाच आवाजही आला. दिवसभराचं काम टाकून द्यावं लागलं. काकू पुन्हा आल्या नाहीत, हे मला अजून लागतं. त्यांच्या मागे आणि बाजूला दोन वाकळी टांगल्या असत्या, तर बरंच निभावलं असतं. ते मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

या रविवारी एवढंच कर. अंगणात मोबाइल रेकॉर्डिंगला लाव. गाणारा हातभर अंतरावर, बेंजो चार पावलं मागे, हलगी थेट गोठ्यापाशी. एकच कडवं घ्या, ऐका, जागा बदला, पुन्हा घ्या. दहा वेळा. हलगी जवळ आली की बहुतेक फोन आपोआप सगळाच आवाज दाबतात आणि गळा बुडतो. कॉम्प्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारं साधन) काय करतो ते तिथंच कळेल, मग त्याचे आकडे डोक्यात राहतील. मिरजेत राहिलेल्या गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या 1930च्या दशकातल्या ध्वनिमुद्रिका ऐक. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. प्रत्येक वाद्याला वेगळा ट्रॅक तेव्हा नव्हता. कोण माइकपासून किती लांब बसलंय, यावरच तोल ठरायचा. तरी गळा कुठं आहे आणि तबला कुठं, हे आजही स्पष्ट कळतं.

दुसरं, मिरज तुझ्यापासून लांब नाही. सतारी-तानपुरे बनवणाऱ्या सतारमेकरांच्या दुकानात जा, परवानगी घे आणि तासभर गप्प बसून ऐक. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेची झणझण, लावताना कारागीर घोडीचा (तारा जिच्यावर टेकतात तिचा) माथा कानशीनं किंचित घासतो, तारेखाली सुती दोरा सरकवतो. दोरा केसभर हलला की तीच तार एकदम उघडते, वरचे सूर झणझणायला लागतात. तार तीच, सूर तोच, पण कुठला भाग पुढे आला, हे ओळखायला कान लागतो. इक्वलायझरवर, म्हणजे आवाजातले जाड-बारीक भाग कमी-जास्त करणाऱ्या साधनावर, बसल्यावर तू हेच करणार आहेस. मी हे तिथं शिकले, म्हणून इतक्या आग्रहानं सांगते.

तिथंच आणखी एक ऐकायला मिळेल. चांगल्या जुळलेल्या तानपुऱ्यात खर्जाच्या तारेतून गंधार (ग) आपोआप ऐकू येतो. तो कीबोर्डच्या शुद्ध गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट उतरलेला असतो. काळ्या-पांढऱ्या मिळून दोन लागोपाठच्या पट्ट्यांमधलं अंतर 100 सेंट धर. अभंग गाणारा तानपुऱ्याच्या गंधारावर थांबतो, आणि आपण त्याच्याखाली कीबोर्डचा भरगच्च मेजर कॉर्ड (सा, ग, प एकत्र) देतो. मग गाणं कुठंतरी खुपतं आणि दोष गाणाऱ्याला मिळतो. अशा वेळी कॉर्डमधून गंधार काढ, षड्ज-पंचम ठेव. बेंजोचे सूर पट्टीवर बांधलेले असतात, त्यामुळे तुझ्या कानाला ही सवय मुद्दाम लावावी लागेल.

लॅपटॉप मित्राचा चालेल. रीपर हे रेकॉर्डिंग-मिक्सिंगचं सॉफ्टवेअर 60 दिवस फुकट वापरून बघता येतं, त्यातच इक्वलायझर आणि कॉम्प्रेसर आहेत. आवडत्या गाण्याशी आपलं मिक्स ताडून बघताना त्या गाण्याचा आवाज आधी आपल्याइतका खाली आण. मोठा आवाज बहुतेकदा चांगला वाटतो आणि त्यात फसगत होते.

कोर्स वाईट नसतो. पण फी भरण्याआधी तिथं जाऊन विचार: एका मशीनवर किती मुलं बसतात? मागच्या तुकडीतल्या मुलांनी पुरी केलेली गाणी ऐकवाल का? गाणी ऐकवायला टाळाटाळ झाली, तर परतीची एसटी धर. दरम्यान जवळपासच्या एखाद्या स्टुडिओत केबल गुंडाळायचं काम मिळालं, तर पगार न विचारता वर्षभर शनिवार-रविवार जा.

दिवाळीपर्यंत तीन गाणी पुरी करून मला पाठव, कशीही झाली असली तरी. आणि फाइलच्या नावात हलगीवाल्याचंही नाव लिही.