घोटा मुरगळलाय? गरब्याला जाण्याआधी हे वाच

गरब्याच्या सरावात पाय मुरगळला की बडोद्यात घरोघरी पहिला सल्ला ठरलेला: गरम तेलाने चोळ. ऐकू नकोस. पहिले 2-3 दिवस चोळणं नाही, शेकणंही नाही. त्याने सूज वाढते. बर्फ पंच्यात गुंडाळून 15-20 मिनिटं, दर 2-3 तासांनी. क्रेप बँडेज बोटांच्या मुळापासून नडगीकडे गुंडाळ, प्रत्येक वेढा आधीच्याच्या अर्ध्यावर. बोटं निळी पडली किंवा मुंग्या आल्या तर सोडून सैल बांध. झोपताना पायाखाली दोन उशा.

चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाची मागची कड किंवा करंगळीच्या बाजूने पावलाचा मध्य दाबल्यावर दुखत असेल, तर आधी एक्स-रे.

नुसतं पडून राहू नकोस. सोसवेल तसं दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून अंगठ्याने हवेत अक्षरं गिरव. मग भिंतीला धरून टाचा उचल, पुढे मुरगळलेल्या एका पायावर 30 सेकंद उभा राहा, जमलं की डोळे मिटून. हा तोलाचा सराव लोक हमखास गाळतात, आणि तोच पाय पुन्हा मुरगळतो. त्या एका पायावर न दुखता उड्या मारता आल्या की मगच फेरात उतर. पासचे पैसे गेले तर जाऊ देत.