न्यू जर्सीत घरामागे १२ बाय १६ फुटांचा लाकडी डेक बांधून घ्यायला किती खर्च येईल?

१९२ चौरस फूट झाले. प्रेशर ट्रीटेड पाइनचा (कुजू नये म्हणून दाबाखाली रसायन मुरवलेलं लाकूड), मजुरीसकट, ढोबळमानाने ७ ते ११ हजार डॉलर. कॉम्पोझिट, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या फळ्या घेतल्या तर ११ ते १७ हजार. जिना, कठडा आणि जुना डेक पाडणं वेगळं धरलंय का, ते आधी विचारा. खरा फरक तिथेच पडतो.

सर्वांत स्वस्त कोटेशन आलं की दोन गोष्टी नक्की बघा. पायाचे खड्डे गोठणरेषेखाली, म्हणजे हिवाळ्यात जमीन जिथपर्यंत गोठते त्याच्या खाली, साधारण ३ फूट खोल हवेत. उथळ असले तर थंडीत जमीन फुगून खांब वर उचलले जातात. आणि घराच्या भिंतीला जोडलेली आडवी फळी, लेजर. ती बोल्टने आवळलेली हवी, वर पाणी अडवणारी पत्र्याची पट्टी हवी. नुसत्या खिळ्यांवर लटकवलेला डेक माणसं उभी असताना कोसळू शकतो, म्हणून इथे काटकसर अजिबात नको.

परमिट कंत्राटदारालाच काढायला सांगा. राज्याकडची त्याची नोंदणी आणि विमा तपासा. पैसे टप्प्याटप्प्याने द्या, शेवटचा हप्ता टाउनशिपची (स्थानिक पालिकेची) तपासणी पास झाल्यावरच.