अपघाताच्या काळात दुसरीकडे मजुरी केली, तर शिक्षा किती?

आपण लिहिलेली हकीकत थोडक्यात अशी : आपले मोठे भाऊ जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात होते, 2023 साली यंत्रात त्यांची दोन बोटे सापडली, कर्मचारी राज्य विमा योजनेतून त्यांना रोख लाभ सुरू झाला, आणि त्याच महिन्यांत ते रावेरकडे केळीच्या गाड्या भरायला जात होते. आता ती योजना चालवणाऱ्या महामंडळाची नोटीस आली आहे आणि सात वर्षे आत जावे लागेल, असे कोणीतरी आपल्याला सांगितले आहे. मी जळगावात कामगारांची प्रकरणे चालवतो. कागद न पाहता सांगता येईल तेवढे सांगतो.

नोटिशीत कोणत्या लाभाचा उल्लेख आहे, हे आधी पाहावे. तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ सरासरी रोजाच्या 90 टक्के दराने मिळतो आणि तो कामावर जाता येत नाही म्हणूनच मिळतो. 2023 साली लागू असलेल्या 1948 च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याच्या कलम 63 प्रमाणे ज्या दिवशी मजुरी केली त्या दिवसाचा हक्क बुडतो, आणि कलम 64 प्रमाणे उपचार चालू असताना वैद्यकीय अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तो भाग सोडून जाताही येत नाही. कायम अपंगत्वाचा लाभ वेगळा आहे. कमाईची क्षमता जेवढी घटली तेवढ्यापुरता तो आयुष्यभर मिळतो आणि तो घेत असताना काम करण्यात काहीही गैर नाही. वैद्यकीय मंडळाने भावांची बोटे कायमची निकामी ठरवली असतील, तर गाड्या भरल्याच्या तारखा त्या निर्णयाच्या आधीच्या की नंतरच्या, यावर अर्धे प्रकरण अवलंबून आहे.

सात वर्षांचा आकडा येतो तो भारतीय दंड संहितेच्या कलम 420 मधून, म्हणजे फसवणुकीच्या कलमातून. घटना 1 जुलै 2024 पूर्वीची, म्हणजे नवी भारतीय न्याय संहिता येण्याआधीची असल्यामुळे जुनी दंड संहिताच लागू राहील. त्या वेळच्या विमा कायद्याच्या कलम 84 मध्ये मात्र खोटे निवेदन करून लाभ घेतल्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, एवढीच तरतूद आहे; तो खटला वरिष्ठ अधिकाऱ्याच्या मंजुरीनंतर लेखी तक्रारीवरच चालतो. लाभाच्या अर्जावर, या काळात मजुरी केलेली नाही, अशा अर्थाचे निवेदन असते. दुखापत शंभर टक्के खरी असली तरी प्रकरण उभे राहते ते त्या सहीवर.

कलम 420 लागले तरी सात वर्षे ही कमाल मर्यादा आहे. असे खटले सहसा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतात आणि त्यांना तीन वर्षांपेक्षा जास्त कैद देण्याचा अधिकारच नाही. जास्त द्यावी असे वाटल्यास त्यांना प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवावे लागते. शिवाय 1958 च्या अपराधी परिवीक्षा (प्रोबेशन) अधिनियमाच्या कलम 3 मध्ये 420 चा नावानिशी उल्लेख आहे, म्हणजे पूर्वी शिक्षा न झालेल्या माणसाला न्यायालय केवळ ताकीद देऊनही सोडू शकते, किंवा कलम 4 खाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर मोकळे करू शकते. रक्कम किती, किती महिने घेतली, कोणा दलालाने किंवा डॉक्टरने साथ दिली का, पैसे परत केले का, हे पाहून न्यायालय ठरवते. माझ्या मते, खरी दुखापत झालेल्या आणि घर चालत नाही म्हणून गाडीवर गेलेल्या मजुराला तुरुंगात धाडण्यात कोणाचेच भले नाही. पण दुखापतच बनावट असती, तर मी असे लिहिले नसते.

खरा त्रास वसुलीचा असतो आणि त्याबद्दल आपण विचारलेलेच नाही. त्याच विमा कायद्याच्या कलम 70 प्रमाणे गैरपणे घेतलेला लाभ परत करावा लागतो आणि तो जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येतो. गावाकडे सातबाऱ्यावर भावांचे नाव असेल, तर हे हलक्याने घेऊ नका. गाडी भरलेल्या दिवसांचेच पैसे मागितले आहेत की सरसकट सर्व महिन्यांचे, हे तारीखवार तपासा; सरसकट मागणीला लेखी हरकत घेता येते. रक्कम भरल्याने गुन्हा पुसला जात नाही, तरी शिक्षा ठरवताना त्याचे वजन पडते. म्हणून वकिलामार्फत, मुदतीच्या आत, पावती घेऊन भरावी.

आणि मुकादमाकडे जाऊन भराईच्या वहीतले भावांचे नाव खोडून घेण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नका. तो आजच्या तारखेचा नवा गुन्हा होईल, त्याला नवी भारतीय न्याय संहिता लागेल, आणि परिवीक्षेची मागणी मग कोणत्या तोंडाने करायची?