आधी वाचणारा कोण, ते बघ

पोरी,

बिलाची माहिती एका प्रोग्रामकडून दुसऱ्याकडं कुठल्या फॉरमॅटमध्ये पाठवायची, जेसॉन, एक्सएमएल की प्रोटोबफ, या घोळात तू अडकून बसलीस आणि गुळाच्या अडतीचं बिल आहे तिथंच राहिलं. वेगाचे तक्ते बघून फॉरमॅट ठरत नसतो. आधी वाचणारा कोण, ते बघ.

ब्राउझरला जेसॉन, विषय संपला. दिवाणजींचं टॅली एक्सएमएल घेतं, तर एक्सएमएल दे. १९९८ पासूनचं आहे म्हणून नाक मुरडू नकोस. व्यापाऱ्याला यादी एक्सेलात हवी, म्हणून तू सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर, देणार. तिथं सांभाळ. फाइल डबल क्लिकनं उघडली की कोल्हापूरचा एसटीडी कोड ०२३१ चा २३१ होतो, आणि यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) फाइलीच्या सुरुवातीला बीओएम ही ओळखखूण नसेल तर मराठी नावांचा बऱ्याचदा चिखल होतो. त्यापेक्षा सरळ एक्सेलची स्वतःची एक्सएलएसएक्स फाइल दे, रकाना टेक्स्ट ठेवून.

आता जेसॉन. बिल क्रमांक आकडा म्हणून पाठवू नकोस, अवतरणात घाल. सर्व्हरनं ९००७१९९२५४७४०९९३ पाठवला, तर ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट शेवटचे आकडे ९९३ ऐवजी ९९२ वाचते. चूक दाखवत नाही, गप्प बदलते. रक्कम पैशांत, पूर्णांकात पाठव. जेसॉनला तारीख हा प्रकारच नाही. ५ जूनची मध्यरात्र तू जावास्क्रिप्टच्या टूआयएसओस्ट्रिंग या फंक्शननं पाठवलीस, तर ती यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेत, ४ जून, १८:३० होते आणि बिल आदल्या दिवसात जाऊन बसतं. नुसती तारीख हवी तर ‘२०२४-०६-०५’ एवढीच स्ट्रिंग दे.

मराठीचंही बघ. ‘कोल्हापूर’ यूटीएफ-८ मध्ये २७ बाइट. पीएचपी आणि पायथन जेसॉन लिहिताना ठरलेल्या सवयीनं प्रत्येक चिन्हाचा सहा अक्षरी यू-कोड लिहितात, की झाले ५४. पीएचपीत अनएस्केप्ड युनिकोडचा पर्याय लाव, पायथनमध्ये एन्शुअर आस्की बंद कर. बाइट वाचवायला प्रोटोबफकडे धावण्याआधी एवढं तरी कर गं!

प्रोटोबफ, म्हणजे डोळ्यांनी वाचता न येणारा आटोपशीर बायनरी फॉरमॅट, वाईट नाही. दोन्ही टोकांना तुझेच सर्व्हर असतील, दर सेकंदाला हजारो निरोप जात असतील, तर खुशाल घे. फक्त त्यात फील्ड, म्हणजे रकाना, नावानं नाही, क्रमांकानं ओळखतात, म्हणून काढून टाकलेल्या फील्डचा क्रमांक पुन्हा वापरू नकोस, रिझर्व्ह्ड कर. नाहीतर जुना प्रोग्राम नव्या रकमेला वजन समजेल. पण इथं वाचणारा ब्राउझर आहे. मला कुणी जुन्या वळणाचा म्हणो, रात्री बिल चुकलं की ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये डोळ्यांनी वाचता येणारा मजकूरच मी मागणार.

आज एकच कर. प्रत्येक रकान्यापुढं तो कोण वाचणार, आकडा की मजकूर, रिकामा चालेल का, हे कागदावर लिही. मग एकच बिल ब्राउझर, टॅली, एक्सेल या तिन्हीकडं पाठवून बघ: मराठी नाव, ०२३१ चा फोन, सोळा आकडी क्रमांक, पन्नास पैशांची रक्कम. कुठं काय बदललं, ते मला कळव.