आधी चित्र की आधी माणसं?

प्रश्न : दुर्घटनेत गेलेल्या ३१ जणांचं स्मारक उभारण्यासाठी आमची समिती काम करते आहे. वास्तुविशारदांनी संकल्पचित्र तयार केलं आहे. नातेवाईकांची एक बैठक बोलवावी, चित्र दाखवावं आणि मंजुरी घ्यावी, असं बहुतेकांचं मत आहे. काही घरं तर फोनही उचलत नाहीत. सगळ्यांना विचारत बसलो तर काम पुढे सरकेल का?
– समितीचे सचिव

उत्तर : माझा धाकटा भाऊ अशाच एका दुर्घटनेत गेला. आम्हालाही तयार चित्रच दाखवलं होतं. आईनं एवढंच विचारलं, "ह्याचं नाव कुठं येणार?" चित्रात नावांच्या जागी नुसत्या रेघा होत्या. कुणालाच उत्तर देता आलं नाही. त्यानंतर आई एकाही बैठकीला गेली नाही. म्हणून कळकळीनं सांगते, ते चित्र सध्या बाजूला ठेवा.

अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीला १९ एप्रिल १९९५ च्या बॉम्बस्फोटात १६८ जण गेले. तिथं ३५० जणांचा कृतिगट नेमला गेला. त्यात नातेवाईक होते, बचावलेले होते, मदतीला धावलेलेही होते. इथं आलेल्या माणसाला काय वाटावं, हे त्यांनी आधी लोकांना विचारलं आणि त्यातून स्मारकाचा उद्देश लिहून काढला. मगच स्पर्धा जाहीर केली. ६२४ आराखडे आले, आणि निवडणाऱ्यांतही नातेवाईक व बचावलेले बसले. आज तिथं १६८ रिकाम्या खुर्च्या आहेत. स्फोट झालेल्या इमारतीत जो ज्या मजल्यावर होता त्या ओळीत त्याची खुर्ची, आणि १९ मुलांच्या खुर्च्या लहान. लोक ज्या कुंपणाला फुलं, खेळणी, फोटो अडकवून जात, तेही जपलं. हे सगळं स्फोटाला पाच वर्षं झाली त्या दिवशी खुलं झालं. विचारल्यामुळे काम अडलं नाही.

नावांच्या क्रमाकडे तर फार जपून बघा. न्यूयॉर्कच्या ९/११ स्मारकावर २,९८३ नावं आहेत. आपल्या माणसाशेजारी कुणाचं नाव हवं, हे तिथं कुटुंबांना विचारलं होतं. १,२०० हून जास्त विनंत्या आल्या. शेजारच्या टेबलावरचा सहकारी, जिवलग मित्र. नुसत्या अकारविल्हे यादीत ही माणसं एकमेकांपासून तुटली असती.

आसपास राहणाऱ्यांनाही विसरू नका. नॉर्वेत २२ जुलै २०११ च्या हल्ल्यांत ७७ जण गेले, त्यातले ६९ उटोया बेटावरच्या युवा शिबिरात. बेटासमोरचं भूशिर आरपार कापण्याची स्वीडिश कलाकार योनास डालबर्ग यांची स्मारकाची कल्पना २०१४ मध्ये निवडली गेली. मला ती कल्पना आजही विलक्षण वाटते. पण त्या दिवशी आपल्या होड्या घेऊन मुलांना वाचवायला गेलेले लोक तिथंच राहतात. ती कापलेली जमीन त्यांना रोज दिसली असती. त्यांनी विरोध केला आणि २०१७ मध्ये सरकारनं ती योजना सोडून दिली. त्यांनाही जखम झाली आहे, हे आधीच ओळखायला हवं होतं.

फोन न उचलणाऱ्या घरांची शांतता म्हणजे होकार धरू नका. त्यांना पत्र लिहा : भेटायचं आहे, फक्त माहिती हवी आहे, की सध्या काहीच नको? हे मत पुढे कधीही बदलता येईल, असंही लिहा. दर वेळी एकाच माणसानं संपर्क ठेवावा. पुन्हापुन्हा पहिल्यापासून सांगावं लागणं असह्य होतं. एकाच घरात पत्नीचं आणि आईवडिलांचं म्हणणं वेगळं असू शकतं, तेव्हा दोघांनाही विचारा. आणि जागा, निधी असं जे आधीच ठरलं आहे, ते पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा. ठरून गेलेल्या गोष्टीवर मत मागवलं, तर पुढचं काहीच कुणी खरं मानणार नाही.

नावं कोरण्याआधी प्रत्येक घरी जाऊन अक्षर न् अक्षर तपासून घ्या. आमच्याकडे कुणी आलं नाही. भावाच्या नावातली वेलांटी चुकली आहे, आणि आईचं बोट अजून तिथंच थांबतं.