इंटरनेटच्या कायद्यात वकिली करू इच्छिणाऱ्या मुलीच्या वडिलांस

सप्रेम नमस्कार,

आपली कन्या बारावी विज्ञानला आहे, तिला अभियांत्रिकी सोडून कायदा शिकायचा आहे, आणि इंटरनेटवरील अभिव्यक्ती व व्यवसाय यांवरच्या सरकारी नियमांना न्यायालयात आव्हान देणारी वकील व्हायचे आहे, असे आपण लिहिले आहे. यात चरितार्थ चालेल का आणि सरकारचे वैर तर ओढवणार नाही ना, या आपल्या दोन प्रश्नांपैकी दुसऱ्याचे उत्तर मी आधी देतो.

सरकारने केलेला नियम राज्यघटनेत बसतो की नाही हे न्यायालयाकडून तपासून घेण्याचा मार्ग घटनेनेच दिलेला आहे, त्यामुळे वैराची भीती आपण मनातून काढून टाकावी. 2012 मध्ये पालघर येथे फेसबुकवरील मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाल्यावर श्रेया सिंघल या विशीतल्या तरुणीने माहिती तंत्रज्ञान कायद्यातील, आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला गुन्हा ठरवणाऱ्या कलम 66अ विरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. 24 मार्च 2015 रोजी ते कलम रद्द झाले, कारण त्यातील शब्द इतके मोघम होते की कोणत्याही मजकुराला गुन्हा ठरवता आला असता. मात्र त्याच निकालात मजकूर रोखण्याचा अधिकार देणारे कलम 69अ कायम राहिले, कारण तेथे लेखी कारणे आणि फेरतपासणीची तरतूद होती; तर इतरांनी टाकलेल्या मजकुराबद्दल फेसबुकसारख्या कंपन्यांची जबाबदारी ठरवणाऱ्या कलम 79 चा अर्थ मर्यादित करून, न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना आल्यावरच मजकूर हटवण्याचे बंधन या कंपन्यांवर येते, असे ठरले. एका निकालात तीन कलमांचे तीन वेगळे निर्णय का झाले, हे समजून घेण्यातच या वकिलीचे मर्म आहे. आपल्या कन्येने तो निकाल मुळातून वाचावा. लांबलचक आहे, तरीही वाचावा.

व्यवसायांच्या बाबतीतही कसोटी अशीच लागते. बिटकॉइनसारख्या आभासी चलनाचे व्यवहार करणाऱ्यांना बँकसेवा देऊ नये, असे रिझर्व्ह बँकेचे 2018 चे परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2020 मध्ये रद्द केले. रिझर्व्ह बँकेचा अधिकार न्यायालयाने मान्य केला, पण इतका कठोर उपाय योजण्याजोगी हानी दाखवली गेली नाही, असे म्हटले. जून 2023 मध्ये कोल्हापुरात इंटरनेट बंद झाले तेव्हा आपल्या चपलांच्या ऑनलाइन ऑर्डरी थांबल्या, असे आपण लिहिले आहे. इंटरनेटबंदीचे आदेश प्रसिद्ध झाले पाहिजेत आणि बंदी बेमुदत असू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्येच, काश्मीरमधील इंटरनेटबंदीविरुद्धच्या अनुराधा भसीन प्रकरणात सांगितले होते. म्हणजे कन्येच्या आवडीचा विषय आपल्या दुकानापर्यंत आलेलाच आहे.

आता चरितार्थाचे. घटनात्मक याचिकांवर घर चालत नाही, हे मी स्पष्ट सांगतो. ज्येष्ठ वकिलांकडे ज्युनिअर म्हणून काढलेल्या पहिल्या वर्षांत मिळकत तुटपुंजी असते, आणि तेवढा काळ आपला आधार तिला लागेल. पुढे नियमित उत्पन्न येते ते ऑनलाइन विक्री करणाऱ्या व्यावसायिकांचे करार, नोटिशींची उत्तरे आणि 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे पालन अशा कामांतून. सरकारची बाजू मांडणारे वकीलही लागतातच.

बारावीनंतर पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी राज्याची विधी सीईटी आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट ही देशपातळीवरील प्रवेश परीक्षा द्यावी लागते. अभियांत्रिकी करून मग तीन वर्षांचे एलएलबी करता येते, परंतु आवड नसलेल्या पदवीत चार वर्षे घालवू नयेत, असे माझे ठाम मत आहे. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) कोल्हापुरात सुरू झाल्याने उच्च न्यायालयातील वकिलीसाठी मुंबईतच राहिले पाहिजे असेही उरलेले नाही. अर्ज भरण्यापूर्वी एखाद्या परिचित वकिलांच्या सोबतीने तिला तेथील एका दिवसाचे कामकाज पाहू द्यावे, आणि त्या दिवशी शक्य झाल्यास आपणही तिच्याबरोबर बसावे.

आपला,
करिअर मार्गदर्शक, कोल्हापूर